फेब्रुवारी २०२७ मध्ये दहावीचा विज्ञानाचा तास कोण घेणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. घरात आठवी-नववीचं मूल असेल तर वेळ काढून पूर्ण वाचा. नसेल तर अर्धी वाचली तरी माझी तक्रार नाही.

१२ डिसेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने जनगणनेच्या खर्चाला मंजुरी दिली. ११,७१८ कोटी रुपये. मथळे झाले ते या आकड्याचे, जात मोजणार त्याचे, आणि मोबाईल अ‍ॅपवर पहिली डिजिटल जनगणना होणार त्याचे. पण सरकारी पत्रकात खाली आणखी एक वाक्य होतं. प्रगणक हे सर्वसाधारणपणे सरकारी शिक्षक असतात आणि ते आपलं नेहमीचं काम सांभाळून हे काम करतील, अशा अर्थाचं. मानधन मिळेल, हेही होतं. मी पत्रकं वाचून पोट भरणारा माणूस आहे. पत्रकातलं महत्त्वाचं वाक्य नेहमी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असतं, हे एवढ्या वर्षांत कळलंय.

"नेहमीचं काम सांभाळून." म्हणजे काय, ते बघू.

वेळापत्रक असं आहे. घरयादीचा टप्पा यंदा एप्रिल ते सप्टेंबर, त्यातले प्रत्येक राज्याला सोयीचे ३० दिवस. प्रत्यक्ष माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. मागच्या वेळी, २०११ साली, ही मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती.

आता दुसरं वेळापत्रक शेजारी ठेवा. दहावीची बोर्डाची परीक्षा २०२४ मध्ये १ मार्चला सुरू झाली. २०२५ मध्ये बोर्डाने ती आठ दिवस अलीकडे आणली, २१ फेब्रुवारीला. यंदाही फेब्रुवारीतच सुरू झाली. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत. म्हणजे प्रात्यक्षिकं, लेखी परीक्षा आणि घरोघरची मोजणी, तिन्ही एकाच महिन्यात. आणि तिन्हीकडे माणूस तोच.

कोणी म्हणेल, पत्रकात "सरकारी शिक्षक" लिहिलंय, आमच्या मुलाची शाळा तर संस्थेची आहे. अहो, अनुदानित शाळांचे शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीला जातातच की. पनवेलमध्ये माध्यमिक शिक्षण मुख्यतः संस्थांच्याच शाळांवर उभं आहे. तिथले शिक्षक वगळून पनवेलची मोजणी उरकेल, असं मला तरी वाटत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी मला जनगणनाविरोधी ठरवेल. जनगणना व्हायलाच हवी, आणि पनवेलला तर इतर कोणापेक्षा जास्त हवी. आपली महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ची. म्हणजे या महापालिकेने आपली माणसं एकदाही मोजलेली नाहीत. आजही कागदोपत्री आपण २०११ चेच, पाच लाखांच्या आसपास. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा इथे त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आता विमानतळही सुरू झाला. पाणी किती लागणार, दवाखाने किती, शाळा किती, सगळं पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर चाललंय. टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्याला जनगणनेचं महत्त्व मी सांगायची गरज नाही.

कायद्यानेही हे चूक नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, अपवाद तीन : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. तेव्हा जनगणनेला शिक्षक घेतले म्हणून कोणी कोर्टात गेलं तर पहिल्याच तारखेला परत येईल. त्यामुळे शिक्षक का घेतले, यावर मी वाद घालत नाही. माझा प्रश्न साधा आहे. बाई घरोघर फिरत असतील तेव्हा वर्गात कोण असेल? त्यातही विज्ञानाच्या वर्गात कोण असेल?

विज्ञानच का, ते आता सांगतो. ही सगळी पोस्ट त्यासाठीच आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, पनवेल परिसरातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतात. नाव, शाळा काही लिहीत नाही, त्यांना उगाच त्रास नको. बातमीच्या निमित्ताने त्यांच्याशी बोलायला गेलो होतो, दोन प्रश्न विचारून निघणार होतो. त्यांनी टाचणवही काढली, मी माझी डायरी काढली, आणि दोन तास आम्ही बेरीज-वजाबाकी करत बसलो. ती बेरीज जशीच्या तशी देतो.

दहावीचं विज्ञान म्हणजे "विज्ञान आणि तंत्रज्ञान", भाग १ आणि भाग २. प्रत्येकी दहा धडे, एकूण वीस. लेखी ४० अधिक ४०, प्रात्यक्षिकाचे २०. शाळा सुरू होते जूनच्या मध्याला. जानेवारीत पूर्वपरीक्षा घ्यायची तर अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपायला हवा. जून मध्य ते डिसेंबरअखेर म्हणजे साधारण अठ्ठावीस आठवडे. त्यातून दिवाळीची सुट्टी वजा, गणपती वजा (कोकणात आहोत, गणपतीत वर्गात बाकं शिकवायची का?), सहामाही परीक्षेचे दिवस वजा. मग रेड अलर्टच्या सुट्ट्या. रायगडात जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हाधिकारी रात्री सुट्टी जाहीर करतात आणि सकाळी पालकांच्या ग्रुपवर आनंदीआनंद असतो. ती सुट्टी योग्यच असते, पण तास जातो तो जातोच. शेवटी हातात उरतात एकवीस आठवडे.

आठवड्याला विज्ञानाचे सहा तास. त्यांच्या शाळेत तासाला "तास" म्हणतात, पण तो असतो पस्तीस मिनिटांचा. एकवीस गुणिले सहा, १२६ तासिका. घड्याळाचे साडेत्र्याहत्तर तास. त्यातून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणं, मुलं शांत करणं, मधेच येणारी शिपायाची सूचना-वही, एवढ्याला तासिकेमागे सात मिनिटं धरली, तर आणखी साडेचौदा-पंधरा तास जातात. उरले एकोणसाठ तास. वीस धडे. धड्याला तीन तासही पुरते नाहीत.

या तीन तासांत गुरुत्वाकर्षण शिकवायचं. त्यातली उदाहरणं सोडवून घ्यायची. आणि प्रयोगही करायचा.

आता प्रयोगाला किती वेळ लागतो ते ऐका, कारण हे मलाही ठाऊक नव्हतं. मी कला शाखेचा, नंतर पत्रकारितेचा डिप्लोमा. प्रयोगशाळा म्हटलं की मला वास तेवढा आठवतो. बाईंनी काचेच्या चिपेचा प्रयोग सांगितला, प्रकाशाच्या अपवर्तनाचा. बोर्डावर कागद लावायचा, मधे काचेची चीप ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, एका बाजूला दोन टाचण्या टोचायच्या, मग दुसऱ्या बाजूने काचेतून बघत बघत, त्या दोन टाचण्यांच्या रेषेत येतील अशा आणखी दोन टोचायच्या. मग काच उचलून रेषा जोडायच्या, कोन मोजायचे. सांगायला दोन मिनिटं लागली. करायला? वर्गात अठ्ठावन्न मुलं. चिपा नऊ, त्यातल्या दोनांचे कोपरे उडालेले. सामान काढायला दहा मिनिटं, वाटायला पाच, आणि पहिल्या वेळी कोणाच्याच टाचण्या एका रेषेत येत नाहीत. "पहिल्या वेळी चुकलं पाहिजे हो," बाई म्हणाल्या, "चुकल्यावर पोरगं खाली वाकून डोळा टाचणीच्या पातळीला आणतं. तेव्हा त्याला कळतं की काचेतून टाचणी सरकलेली दिसते. ते दिसलं की धडा झाला." पण त्या चुकायलाच वेळ नाही. पस्तीस मिनिटांत फक्त बरोबर येण्याची सोय आहे.

पूर्वी सामान काढून ठेवायला प्रयोगशाळा सहायक होते. ते निवृत्त झाले, ती जागा अजून भरलेली नाही. त्यामुळे परीक्षानळ्या धुण्यापासून मोरचुदाचं द्रावण करण्यापर्यंत सगळं बाईच करतात.

आणि तरी त्या प्रयोग करून घेतात. कसं, तेही लिहितो, कारण वेळेचं नियोजन म्हणजे काय ते मला तिथे समजलं. पुस्तकाच्या क्रमाने त्या शिकवत नाहीत. उष्णतेच्या धड्यात आर्द्रता आणि दवबिंदू आहे, तो त्या जुलैत घेतात, कारण तेव्हा पनवेलमध्ये वर्गाच्या भिंतींनाच घाम फुटलेला असतो, वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. भिंगाचा प्रयोग मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबवतात. सप्टेंबरपर्यंत इथे ऊन कुठे आहे? ढगाळ दिवशी बहिर्गोल भिंगाने खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर धरायची म्हटली तर ती इतकी फिकट येते की मागच्या बाकावरच्याला काही दिसतच नाही, तो शेजारच्याचं मोजमाप उतरवून मोकळा होतो. लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात टाकायचा तो मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला. सुट्टी संपवून मुलं येतात तोवर खिळ्यावर तांब्याचा थर चढलेला असतो. डबा खाता खाता प्रयोग झाला, तासातली मिनिटं वाचली. अवकाश मोहिमा, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन हे धडे मुलांच्या गटांना वाचून मांडायला देतात. हळद, लिंबू, खायचा सोडा ही आम्ल-आम्लारीची शाळा त्या घरी पाठवतात, आयांनी हळद वाया घालवल्याची तक्रार केली तरी. प्रत्येक बाकासाठी एक जुना मिठाईचा डबा, त्यात त्या प्रयोगाचं सामान. डबे आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचे. शाळा सुटल्यावर. ते चाळीस मिनिटं कुठल्याच वेळापत्रकात नाहीत.

वह्यांचं वेगळंच. तीन तुकड्या, जवळपास एकशे ऐंशी मुलं. प्रयोगवही तपासायला एका वहीला दोन मिनिटं दिली तरी सहा तास. त्या वह्या पिशवीत भरून घरी जातात. कुकरच्या शिट्ट्या मोजत वह्या तपासणाऱ्या बायका या गावात किती असतील, ते जनगणनेच्या कुठल्या रकान्यात येणार नाही.

एक गंमत सांगतो. त्यांना मधे एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय, वेळेचं व्यवस्थापन. कोणी आयोजित केलं होतं ते सोडा. दोन दिवस, दोन्ही शाळेच्या कामाचे. तिथे तज्ज्ञांनी सांगितलं की तातडीचं आणि महत्त्वाचं यात फरक करा, चार चौकोन काढा. बाई म्हणाल्या, "चौकोन काढले. त्या दोन दिवसांत माझे दहा तास बुडले, ते कुठल्या चौकोनात टाकू ते विचारायचं राहिलं."

बाईंना वेळ सांभाळता येत नाही, असं कोणी म्हणणार नाही. मिठाईच्या डब्यात प्रयोगशाळा बसवणाऱ्या माणसाला आपण आणखी काय शिकवणार? पण त्यांनी काटकसर करून वाचवलेली मिनिटं वरून कोणीतरी येऊन तासांनी उचलून नेतं.

गेल्या दोन वर्षांचा हिशोब बघा, सगळ्यांसमोरचा आहे. जानेवारी २०२४, २३ तारखेपासून राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण, प्रगणकांमध्ये शिक्षकही. तेव्हा दहावीला पाच आठवडे राहिले होते. १३ मे २०२४, लोकसभा, आपला मावळ मतदारसंघ. ती सुट्टीत होती म्हणून वाचलो. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभा. त्याआधीच्या दोन दिवसांत सगळेच शिक्षक ड्युटीवर असतील तिथे शाळा भरवायची की नाही, ते मुख्याध्यापकांनी ठरवावं, असं शिक्षण आयुक्तांना कळवावं लागलं. १५ जानेवारी २०२६, आपल्या महापालिकेची निवडणूक. पाठोपाठ ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. मतदानाचा दिवस एक असतो, पण त्याआधी दोन प्रशिक्षणं, साहित्य घेणं, परत देणं, दुसऱ्या दिवशी डोळे तारवटलेले. शिवाय जे बीएलओ आहेत त्यांची मतदार यादी वर्षभर चालूच. यू-डायस, अपार आयडी, आधारची जुळणी, आणि कुठल्याही दिनाचा फोटो दुपारी बाराच्या आत ग्रुपवर, हे वेगळंच. २०२४ मध्ये सरकारने शैक्षणिक काम कोणतं आणि अशैक्षणिक कोणतं याची यादी करून दिली. यादी झाली, चांगलं झालं. यादीने तास परत येत नाहीत.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. सगळेच शिक्षक या बाईंसारखे नाहीत. ड्युटी आली की सुटकेचा श्वास टाकणारे मीही पाहिलेत. "निवडणुकीमुळे राहिलं" हे वाक्य काहींना फार सोयीचं पडतं. वर्षाचा अभ्यासक्रम नोट्स वाटून संपवणारे आहेत, आणि त्यांच्यावर ड्युटी नव्हती तेव्हाही ते तेच करत होते. पण व्यवस्था अशी आहे की या दोघांत शेवटी काही फरक दिसत नाही. आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

कशी, ते सांगतो. गणिताच्या शिक्षकाचा वेळ कमी झाला तर उदाहरणं कमी होतात, आणि ते चाचणीत दिसतं. मराठीचा वेळ कमी झाला तर निबंधात दिसतं. विज्ञानाचा वेळ कमी झाला की सगळ्यात आधी काय जातं? प्रयोग. धडा जात नाही, कारण धडा लेखी परीक्षेत येतो. जातो तो प्रयोग. आणि तो गेल्याचं कुणालाही, कधीही कळत नाही. कारण प्रात्यक्षिकाचे वीस गुण शाळेतच द्यायचे असतात आणि ते मिळतातच. प्रयोगवही असते. गेल्या वर्षीच्या ताईची वही घरोघर फिरते, निरीक्षणं तिचीच, अनुमान तिचंच, आकृतीतली चूकसुद्धा तिचीच. मुलाला वीसपैकी अठरा. पालक खूश, शाळेचा निकाल उत्तम, अधिकारी समाधानी. ज्याने काचेतून टाचणी सरकलेली कधी पाहिलीच नाही, त्याला आणि जो खाली वाकून ती शोधत होता त्याला, दोघांनाही अठरा.

आणि यात आपणही आहोत बरं का. पालकसभेत कोणी विचारतो का, यावर्षी माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? मी अशा सभांना बातमीसाठी जातो. प्रश्न असतात ते फी, बस, गणवेश आणि "सर, पेपर पॅटर्न बदलणार का" हे. मग तेच मूल अकरावी सायन्सला जातं, स्टेशनजवळच्या क्लासला वर्षाची मोठी रक्कम भरून बसतं, तिथे तर प्रयोगशाळेचा प्रश्नच नाही. इंजिनीअर होईपर्यंत ब्युरेट हातात धरायची वेळ मोजून दोनदा आलेली असते.

हार्बर लाइनने तासाभरात मानखुर्दला गेलं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ पासूनचं. त्याच वाटेवर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, १९६६ ची. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीची मुलं देतात, त्यात प्रत्यक्ष प्रयोगाची फेरी असते. ज्या प्रांतात शिक्षकांनी आपल्या हौसेने एवढं उभं केलं, त्या प्रांतात विज्ञानाच्या शिक्षकाला परीक्षानळी धुवायला वेळ मिळू नये, हे मला पचत नाही.

परवा २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन झाला. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून. शाळाशाळांतून रांगोळ्या, भाषणं, फोटो. पुढच्या वर्षी, मोजणी २०११ सारखीच महिनाअखेरपर्यंत चालली, तर या दिवशी विज्ञानाच्या बाई कुठल्यातरी सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर बंद दारासमोर उभ्या असतील, तिसऱ्यांदा.

मग करायचं काय? बारा महिने हातात आहेत, आणि जे करता येईल ते इथेच, पनवेलमध्ये करता येईल. महापालिका क्षेत्रात जनगणनेचे प्रमुख अधिकारी आयुक्तच असतात. प्रगणकांची नावं दिल्लीहून येत नाहीत, इथेच ठरतात. जनगणना कायदा १९४८ चा आहे आणि त्यानुसार स्थानिक प्राधिकरणांना आपले कर्मचारी द्यावे लागतात. कर्मचारी म्हणजे फक्त शिक्षक, असं त्यात कुठेही नाही. कर विभाग आहे, इतर कार्यालयं आहेत. त्यांचीही कामं असतात, मान्य. पण मालमत्ता कराचं बिल आठ दिवस उशिरा गेलं तर ते मार्चमध्ये भरता येतं, दहावीचं प्रात्यक्षिक मार्चमध्ये देता येत नाही.

शिक्षक घ्यावे लागतीलच, तर दहावीला विज्ञान आणि गणित शिकवणारे शेवटी घ्या. एका शाळेतून विज्ञानाचे सगळे एकदम उचलू नका. प्राथमिकचे घ्या, असं मी म्हणणार नाही. तिथल्या मुलांचा तास काही कमी मोलाचा नाही, आणि द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक गेला तर अर्धी शाळाच जाते. पण ज्या शाळेचे शिक्षक जातील तिथे बदली माणूस कोण, हे आदेशातच लिहिलं पाहिजे. आज आदेशात ड्युटीची जागा असते, वेळ असते, गैरहजर राहिल्यास कारवाईचा इशारा असतो. मागे राहिलेल्या वर्गाचं काय, यासाठी एक ओळही नसते. पनवेलमध्ये निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत, बी.एस्सी. करून घरी बसलेल्या मुली आहेत. महिनाभरासाठी त्यांना रीतसर मानधन देऊन वर्गावर नेमायला ११,७१८ कोटींतला किती हिस्सा लागेल?

आणि शाळांनी प्रात्यक्षिकाची तयारी जानेवारीवर ढकलू नये. बाईंनी पुढच्या वर्षाची आखणी आत्ताच केली आहे. गणपती १४ सप्टेंबरला, दिवाळी ८ नोव्हेंबरला. भिंगाचे प्रयोग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दसऱ्यानंतर, कडक उन्हात. सगळे प्रयोग नोव्हेंबरअखेर एकदा पूर्ण, डिसेंबरात चुकलेल्यांनी पुन्हा. म्हणजे फेब्रुवारीत त्या नसल्या तरी मुलांचे हात बसलेले असतील. त्यासाठी सहामाहीनंतरचे दोन शनिवार त्यांनी आपले धरले आहेत. ते शनिवार कुणी मागितले नव्हते.

नवे नगरसेवक निवडून येऊन दोन महिनेही झाले नाहीत. प्रचारात शिक्षणावर सगळ्याच पक्षांची पत्रकं होती, माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. त्यांच्यापैकी कोणी पहिल्या चार सभांत हा प्रश्न मांडला तर त्याची बातमी मी पक्ष न बघता करीन. महापालिका आणि तहसील कार्यालय, दोन्हीकडे मी या आठवड्यात लेखी विचारणा करतोय : प्रगणकांची निवड कोणत्या निकषाने, माध्यमिक विज्ञान शिक्षक किती, आणि बदली व्यवस्था काय. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तरी टाकतो.

तुमच्याकडून एकच हवंय. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत शाळेला हे तीन प्रश्न विचारा : विज्ञानाचे शिक्षक किती, प्रयोगशाळा सहायक आहे का, आणि फेब्रुवारीत ते ड्युटीला गेले तर वर्गावर कोण. जे उत्तर मिळेल ते शाळेचं नाव न लिहिता खाली कमेंटमध्ये टाका, फक्त गाव किंवा सेक्टर लिहा. शिक्षक मंडळींनी कमेंट करू नये, इनबॉक्समध्ये लिहावं. तुमचे साहेबही ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे.